औषधाची परीक्षा आणि अहिंसेचा विवेक

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत धायरी येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी व्यवसायाने कापड व्यापारी आणि शिक्षणाने बी.कॉम. वैद्यकशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. तरीही आज औषधांच्या परीक्षेविषयी बोलण्याचे मी ठरविले, त्यास आपल्याच सभेत उपस्थित झालेला एक प्रश्न कारणीभूत आहे.

जानेवारी २०२५ मध्ये नांदेड गाव, किरकटवाडी, नांदोशी, खडकवासला आणि आपली धायरी या सिंहगड रस्त्याच्या परिसरात गुइलेन-बॅरे सिंड्रोम अर्थात जीबीएस या विकाराची साथ आली. पुणे परिसरात दोनशेहून अधिक संशयित रुग्णांची नोंद झाली. धडधाकट माणसांच्या हातापायांतील शक्ती काही दिवसांत गेली, कित्येकांना कृत्रिम श्वासोच्छ्वासावर ठेवावे लागले. यावरील प्रमुख उपचारांपैकी एक म्हणजे इम्युनोग्लोब्युलिनची महागडी इंजेक्शने. त्यासाठी आपल्या वैद्यकीय साहाय्य निधीतून मदत देण्याचा विषय निघाला, तेव्हा एका ज्येष्ठ बंधूंनी विचारले, “शिरेतून द्यावयाच्या औषधांची परीक्षा सशांवर करतात असे ऐकतो. अहिंसेच्या नावाने जमा झालेले द्रव्य त्यासाठी वेचावे काय?” त्यावर दुसरे बंधू उद्गारले, “माणूस श्वासासाठी तळमळत असताना असला प्रश्न काढणे हीच हिंसा नव्हे काय?”

दोघेही प्रामाणिक होते. मला मात्र वाटले की, ही परीक्षा कशाची आहे, ती किती प्रकारे होते आणि त्या प्रकारांत फरक काय, हे आपणांपैकी कोणासच नीट ठाऊक नाही. मालाची प्रत पाहिल्यावाचून भाव करू नये, हा आमच्या पेठेचा नियम. तो मी येथे पाळला. जे वाचून आणि जाणकारांना विचारून समजले, ते आपणांपुढे मांडतो.

उकळूनही उरणारे विष

जिवाणूंच्या एका मोठ्या गटास शास्त्रात ग्रॅम-ऋण जिवाणू म्हणतात. विषमज्वराचा जिवाणू आणि आतड्यातील ई. कोलाय हे याच गटातले. त्यांच्या बाह्य आवरणात मेद आणि शर्करा यांच्या संयोगाने बनलेला एक पदार्थ असतो. त्यालाच एंडोटॉक्सिन किंवा अंतर्विष म्हणतात. हे नाव १८९२ मध्ये रिचर्ड फायफर या जर्मन शास्त्रज्ञाने दिले. जीबीएसच्या साथीत ज्याचे नाव आपण वारंवार ऐकले, तो कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणूही याच गटातला. त्याच्या आवरणातील याच कुळीच्या पदार्थाची घडण आपल्या मज्जातंतूंवरील काही घटकांशी मिळतीजुळती असते. त्यामुळे जंतूविरुद्ध शरीराने उभी केलेली प्रतिपिंडे कधी कधी स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटतात.

आपल्या घरांतून पाणी गाळून आणि उकळून घेण्याची परंपरा आहे. उकळल्याने जंतू मरतात, परंतु त्यांचे अंतर्विष शंभर अंशांच्या उष्णतेला दाद देत नाही. रुग्णालयातील ऑटोक्लेव्हच्या १२१ अंशांतही ते बव्हंशी टिकते. काचेच्या भांड्यांवरून ते घालविण्यासाठी २५० अंशांच्या कोरड्या उष्णतेत अर्धा तास तापविण्याची पद्धत आहे. कापडाला कसर लागली आणि आपण ऊन दाखविले, तर कसर मरते, पण पडलेली भोके बुजत नाहीत. त्यातलाच हा प्रकार. जंतू मेले म्हणजे द्रव निर्विष झाला असे होत नाही.

यावरून कोणी उकळलेल्या पाण्याविषयी शंका घेऊ नये. पोटात गेलेल्या अल्प अंतर्विषाला निरोगी पचनसंस्था अडवून धरते, म्हणून असे पाणी पिण्यास निर्धोक आहे. तेच शिरेत गेले तर मात्र थंडी वाजून ताप चढतो, रक्तदाब कोसळतो आणि प्रसंगी प्राणही जातो. २०११ मध्ये जोधपूरच्या एका रुग्णालयात प्रसूत झालेल्या अनेक माता दगावल्या आणि शिरेतून दिलेल्या दूषित द्रवावर बोट ठेवले गेले. नोव्हेंबर २०२४ मध्ये बळ्ळारीच्या सरकारी रुग्णालयातही बाळंतिणींचे मृत्यू झाले आणि रिंगर लॅक्टेट या सलाइनच्या दर्जाची चौकशी करावी लागली. तेव्हा परीक्षा हवीच, याविषयी दुमत नसावे.

मर्यादा किती, याचा हिशेब माझ्यासारख्या वाणिज्य शाखेच्या माणसालाही समजतो. शिरेतून देताना दर किलो वजनामागे तासाला ५ एकके ही अंतर्विषाची सहनमर्यादा मानतात. साठ किलोच्या माणसास तासाला ३०० एकके झाली. सलाइनमध्ये दर मिलिलिटरला अर्ध्या एककाहून अधिक अंतर्विष चालत नाही. म्हणजे ५०० मिलिलिटरची बाटली एका तासात गेली, तरी २५० एककेच जातील. ही ३०० एकके वजनात सुमारे ३० नॅनोग्रॅम भरतात, आणि नॅनोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा शंभर कोटीवा भाग. इतकी सूक्ष्म गोष्ट शोधावयाची आहे. औषध जितके अधिक द्यावे लागते, तितकी दर मिलिलिटरची मर्यादा कडक होते. जीबीएसमध्ये इम्युनोग्लोब्युलिन सामान्यतः किलोमागे एकूण दोन ग्रॅम देतात. साठ किलोच्या रुग्णास १२० ग्रॅम झाले. दहा टक्क्यांचे द्रावण असेल, तर पाच दिवसांत सव्वा लिटरच्या आसपास द्रव त्याच्या शिरेत जातो. त्या द्रवाच्या शुद्धतेवर त्याचे प्राण अवलंबून असतात.

सशाची साक्ष

पूर्वी इंजेक्शननंतर रुग्णांना अकारण ताप येई. १९२० च्या दशकात अमेरिकेतील फ्लॉरेन्स सायबर्ट या विदुषीने दाखवून दिले की, दोष औषधात नसून ऊर्ध्वपातित पाण्यात आहे. वाफेबरोबर उडालेल्या सूक्ष्म थेंबांतून जिवाणूंचे विष शुद्ध पाण्यात उतरत होते. तिने ऊर्ध्वपातनाचे उपकरण सुधारले. याच काळात सशांना इंजेक्शन देऊन ताप येतो का, हे पाहण्याची पद्धत रूढ झाली. १९४२ मध्ये ती अमेरिकेच्या औषधसंहितेत समाविष्ट झाली.

या पद्धतीत तीन सशांच्या कानाच्या शिरेत औषध टोचतात आणि तीन तासांपर्यंत त्यांचे तापमान मोजतात. अमेरिकन नियमानुसार एकाही सशाचे तापमान अर्धा अंश किंवा अधिक वाढले नाही, तर औषध उत्तीर्ण होते. वाढले, तर आणखी पाच ससे घेतात. या काळात ससा मान अडकविलेल्या खोड्यात बसून असतो.

या पद्धतीचा गुण मान्य केला पाहिजे. अंतर्विषच नव्हे, तर ताप आणणारा बहुतेक कोणताही पदार्थ ससा दाखवून देतो. दोषही मोठे आहेत. ती केवळ ‘आहे’ किंवा ‘नाही’ सांगते, किती ते सांगत नाही. प्रत्येक सशाची प्रकृती निराळी असते. शिवाय जे औषध स्वतःच ताप उतरविते, त्याची परीक्षा सशावर करता येत नाही.

निळ्या रक्ताचा जीव

१९५६ मध्ये फ्रेडरिक बँग यांनी नोंदविले की, हॉर्सशू क्रॅब या सागरी जीवात ठराविक जिवाणू टोचले असता त्याचे रक्त गोठते. पुढे जॅक लेव्हिन यांच्यासह त्यांनी त्यामागील कारण उलगडले. घोड्याच्या नालासारख्या आकाराचा हा प्राणी खेकडा म्हणविला जात असला, तरी कुळाने विंचू-कोळ्यांना जवळचा आहे. त्याच्या रक्तात तांबे असल्याने ते निळसर दिसते. त्याच्या रक्तपेशींच्या अर्कात अंतर्विषाचा लवलेश मिसळला तरी गोठण होते. एलएएल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या परीक्षेला १९७७ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सशाला पर्याय म्हणून मान्यता दिली. १९८० मध्ये ती तेथील औषधसंहितेत आली.

तिचे तीन प्रकार आहेत. पहिल्यात औषध आणि अर्क समप्रमाणात मिसळून नळी ३७ अंशांवर एक तास ठेवतात आणि मग उलटी करतात. आतील गोळा घट्ट राहिला, तर अंतर्विष ठरलेल्या मर्यादेइतके किंवा अधिक आहे. याला फारशी उपकरणे लागत नाहीत, म्हणून लहान कारखान्यांना तो परवडतो. दुसऱ्यात द्रव किती वेगाने गढूळ होतो ते यंत्र मोजते. तिसऱ्यात पिवळा रंग उमटतो आणि त्याच्या गडदपणावरून नेमका आकडा मिळतो. कापडाच्या रंगाचा पक्केपणा आपण करड्या पट्टीशी ताडून डोळ्यांनी एक ते पाच अशी प्रत देऊन ठरवितो, तर गिरणीच्या प्रयोगशाळेतील यंत्र तो आकड्यांत सांगते. पहिल्या आणि तिसऱ्या प्रकारांत तसेच अंतर आहे. यंत्राने होणाऱ्या पद्धतींत मिलिलिटरला एककाचा काही हजारावा भागही ओळखता येतो.

यात ससे वाचले खरे, पण भार दुसऱ्या जीवावर पडला. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर या कामासाठी अलीकडे वर्षाला पाच लाखांहून अधिक हॉर्सशू क्रॅब पकडले गेले. त्यांचे काही रक्त काढून त्यांना पुन्हा समुद्रात सोडतात. तेथील मत्स्य आयोग त्यांतील सुमारे १५ टक्के दगावतात असे गृहीत धरतो. आशियातील एका जातीची गणना २०१९ मध्ये संकटग्रस्त म्हणून झाली. भारतात या जीवाच्या दोन जाती ओडिशा व पश्चिम बंगालच्या किनाऱ्यावर आढळतात. त्यांचा दीर्घ अभ्यास आपल्या शेजारच्या गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत डॉ. अनिल चॅटर्जी यांनी केला.

कापसाने घातलेला घोळ

आमच्या धंद्याशी या विषयाचे नाते आहे, हे वाचून मला आश्चर्य वाटले. गिरण्यांच्या पिंजण विभागातील कामगारांना सुटीनंतर सोमवारी कामावर आल्यावर छाती आवळल्यासारखे वाटे. बिसिनोसिस नावाच्या या रोगाचा अभ्यास मुंबईच्या गिरणगावातही झाला. कापसाच्या बोंडांवर ग्रॅम-ऋण जिवाणू वाढतात आणि त्यांचे अंतर्विष धुळीतून श्वासात जाते. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात असे दिसले की, फुप्फुसांच्या क्षमतेतील घट धुळीच्या वजनापेक्षा त्यातील अंतर्विषाच्या प्रमाणाशी अधिक जुळते. ते प्रमाण मोजता आले, ते याच निळ्या रक्ताच्या अर्कामुळे.

परंतु त्याच कापसाने या परीक्षेची उणीवही उघड केली. कापसापासून बनलेल्या वस्तूंतून, म्हणजे सेल्युलोजच्या गाळण्या, डायलिसिसचे काही पडदे किंवा शस्त्रक्रियेचे गॉज यांतून बीटा-ग्लुकान नावाचे शर्करामय द्रव्य सुटते. त्यानेही अर्क गोठण्याची क्रिया सुरू होते. विष नसताना विष असल्याचा कौल मिळतो. यावर उपाय आहेत आणि ते योजलेही जातात, पण सावधगिरी बाळगावी लागते.

जीव न पकडता होणारी परीक्षा

सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातील डिंग जीक लिंग आणि हो बाव या शास्त्रज्ञ दांपत्याने १९९० च्या दशकात पुढचे पाऊल टाकले. हॉर्सशू क्रॅबच्या रक्तातील अंतर्विष ओळखणारे मुख्य प्रथिन म्हणजे फॅक्टर सी. आपल्या पूर्व किनाऱ्यावरही आढळणाऱ्या एका जातीतून त्यांनी त्याचे जनुक वेगळे केले आणि प्रयोगशाळेत वाढविलेल्या पेशींकडून ते प्रथिन तयार करवून घेतले. २००३ पासून ते बाजारात आहे. अंतर्विष आढळल्यास यात प्रकाशाची दीप्ती उमटते आणि ती यंत्र मोजते. बीटा-ग्लुकानमुळे भुलणारा घटक यात मुळातच नसल्याने कापसाचा घोळ येथे होत नाही. उत्पादनासाठी दरवर्षी समुद्रातून जीव उचलावे लागत नाहीत.

त्याची बाजू मांडताना अडचणीही सांगितल्या पाहिजेत. त्यासाठी प्रकाश मोजणारे महागडे यंत्र लागते. अनेक वर्षे औषधसंहितांत त्याला समान स्थान नव्हते, त्यामुळे कंपनीला जादा पुरावा द्यावा लागे. तो अडसर आता बऱ्याच अंशी दूर झाला आहे. युरोपीय औषधसंहितेत १ जानेवारी २०२१ पासून आणि अमेरिकन संहितेत मे २०२५ पासून त्याचे स्वतंत्र प्रकरण लागू आहे.

चौथी पद्धत मानवी रक्ताची आहे. दात्याच्या रक्तातील श्वेतपेशींना औषधाचा स्पर्श घडवितात आणि त्या ताप आणणारी संदेशद्रव्ये सोडतात का ते पाहतात. ती २०१० मध्ये युरोपीय संहितेत आली. सशाचा जो एकमेव अधिक गुण होता, म्हणजे अंतर्विषाखेरीज अन्य तापकारक पदार्थही ओळखणे, तो हिच्यात आहे. शिवाय साक्ष माणसाच्याच पेशींची मिळते. ती खर्चाची आणि कौशल्याची आहे, हे खरे.

नळीतील कोणत्याही पद्धतीला एक शिस्त पाळावी लागते. औषधात मुद्दाम ठराविक अंतर्विष मिसळून ते ५० ते २०० टक्क्यांच्या आत परत सापडते का, हे पाहिल्यावाचून निकाल ग्राह्य धरत नाहीत. औषधातीलच एखादा घटक विषाला झाकत तर नाही ना, याची ही खातरजमा असते.

ताळेबंद

आता चारही खाती समोर ठेवून पाहू. सशाची परीक्षा व्यापक आहे, पण ढोबळ आहे. निळ्या रक्ताची परीक्षा सूक्ष्म आहे, स्वस्तातही होते, पण लक्षावधी जीवांवर अवलंबून आहे आणि क्वचित भुलते. फॅक्टर सीची परीक्षा तितकीच सूक्ष्म आहे, अंतर्विषापुरती अधिक नेमकी आहे, मात्र अन्य तापकारक पदार्थ ती ओळखत नाही. मानवी पेशींची परीक्षा ती उणीव भरून काढते, पण खर्चिक आहे. शेवटच्या दोन पद्धती मिळून सशाचे आणि सागरी जीवाचे दोन्हींचे काम करू शकतात. युरोपीय औषधसंहितेने २०२४ मध्ये निर्णय घेऊन आपल्या ५७ प्रकरणांतून सशावरील चाचणी वगळली आणि हा बदल १ जुलै २०२५ पासून लागू झाला. आपल्या भारतीय औषधसंहितेनेही २०१८ च्या आवृत्तीत सशाऐवजी नळीतील परीक्षांचा मार्ग स्वीकारला.

श्रावकाच्या दृष्टीने आपल्याकडे हिंसेचे चार प्रकार सांगितले आहेत: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. घरसंसार, उपजीविका आणि आत्मरक्षण यांत अटळपणे घडणारी हिंसा गृहस्थाला पूर्णपणे टाळता येत नाही. जाणूनबुजून केलेली संकल्पी हिंसा मात्र त्याने सोडलीच पाहिजे. शास्त्रनिर्णय देण्याचा अधिकार पूज्य मुनिश्रींचा आहे, माझा नव्हे. तथापि एक विचार नम्रपणे मांडतो. १९४२ मध्ये सशावाचून मार्ग नव्हता. १९७७ मध्ये ससा वाचविण्यास निळ्या रक्तावाचून मार्ग नव्हता. ती त्या काळची अगतिकता होती. आज मार्ग उपलब्ध आहे, तो तुल्यबळ असल्याचे औषधसंहितांनी मान्य केले आहे. अशा वेळी केवळ सवयीने किंवा चार पैसे वाचतात म्हणून जुनेच चालू ठेवले, तर त्यास अगतिकता म्हणता येणार नाही. पर्याय हाती येताच तीच कृती एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात जाते. पंचेंद्रिय सशाऐवजी विंचवाच्या कुळातील जीव घेतला म्हणून हिशेब मिटत नाही, उणे होतो एवढेच.

यावरून आपल्या सभेतील दोन्ही बंधूंना मला उत्तर द्यावेसे वाटते. रुग्णाच्या खाटेशी हा प्रश्न नेऊ नये. ज्याला औषध हवे, त्याला निधीतून ते विनाविलंब मिळावे, कारण परीक्षा होऊन गेलेली बाटली नाकारल्याने एकही जीव वाचत नाही आणि एक माणूस मात्र जाऊ शकतो. पण प्रश्न विचारणे थांबवूही नये. तो योग्य ठिकाणी, म्हणजे उत्पादकाच्या दारी विचारावा.

त्यासाठी विश्वस्त मंडळापुढे दोन सूचना ठेवतो. पहिली, निधीतून ज्यांची औषधे आणि सलाइन आपण घेतो, त्या कंपन्यांना ट्रस्टने पत्र लिहून विचारावे की, अंतर्विषाची परीक्षा आपण कोणत्या पद्धतीने करता आणि प्राणिरहित पद्धतीकडे वळण्याचा आपला विचार आहे काय. दर आणि दर्जा समान असल्यास प्राणिरहित पद्धत वापरणाऱ्यास प्राधान्य द्यावे. पेठेत गिऱ्हाईक काय विचारते, त्यावर दुकानदार कोणता माल ठेवावयाचा ते ठरवितो, हा माझा आयुष्यभराचा अनुभव आहे. दुसरी, आपल्या शिष्यवृत्तीतून दरवर्षी औषधनिर्माणशास्त्राच्या एका विद्यार्थ्यास या पद्धतींच्या प्रशिक्षणासाठी साहाय्य द्यावे. पिंपरीत १९५४ पासून हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आणि हडपसरला १९६६ पासून सीरम इन्स्टिट्यूट अशी ज्या पुण्याची परंपरा आहे, तेथे अशा मनुष्यबळाला काम मिळण्यास अडचण पडू नये.

आपल्या पूर्वजांनी पाणी गाळण्याचा नियम घातला, तेव्हा पाण्यात काय असते ते पाहण्यास सूक्ष्मदर्शक नव्हता. दिसत नाही त्या जीवाचीही चिंता वाहावी, एवढीच त्यांची भावना होती. गाळण्याचे फडके जुने झाले की आपण ते बदलतो, नियम मात्र सोडत नाही. औषधांच्या बाबतीतही परीक्षा कायम ठेवून तिचे साधन बदलण्याची वेळ आली आहे, असे मला वाटते.